ॲप विकलं गेलं, आपलं काय?

काल सकाळी कुडाळ स्टेशनबाहेर एका रिक्षावाल्याला विचारलं, "कोकणकन्या खंय पावली?" त्याने मोबाईल बघितला आणि म्हणाला, "आत्ताच कणकवली सोडल्यान." तोवर स्टेशनवर घोषणाही झाली नव्हती.

मालवणात रेल्वे नाही. पाहुण्यांना आणायला तीसेक किलोमीटर कुडाळला जावं लागतं. घरातून कधी निघायचं ते आपण बघतो 'व्हेअर इज माय ट्रेन'वर. हे ॲप रेल्वेचं नाही. बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्ज या छोट्या कंपनीने ते बनवलं. गाडीत बसलेल्याला इंटरनेट नसलं तरी मोबाईल टॉवरवरून ठिकाण कळतं, हे त्याचं डोकं. डिसेंबर २०१८ मध्ये गूगलने ती कंपनीच विकत घेतली.

ॲप आजही चालतंय, फुकट चालतंय, मान्य. पण उद्या ते चालू ठेवायचं की नाही, हे ना कुडाळात ठरणार ना बंगळुरूत. गूगलने पिकासा २००४ मध्ये घेतलं आणि २०१६ मध्ये बंद केलं. आपल्याकडेही तेच. मार्च २०१५ मध्ये ओलाने 'टॅक्सी फॉर शुअर' २० कोटी डॉलरना घेतली. तेव्हा सांगितलं की दोन्ही वेगवेगळ्या चालतील. ऑगस्ट २०१६ मध्ये ती बंद!

मी हे स्वतः भोगलंय. आमच्या घरच्या तीन खोल्यांचं बुकिंग एका छोट्या ॲपवर होतं. नाव घेत नाही. मोठ्या कंपनीने ते घेतलं, आधी नाव बदललं, मग एक दिवस मेसेज आला, 'सेवा बंद'. सहा वर्षांच्या पाहुण्यांचे नंबर आणि त्यांनी लिहिलेले अभिप्राय, सगळं गेलं. नव्या ॲपवर मी 'नवीन होस्ट', अभिप्राय शून्य. त्या मे महिन्यात दोन खोल्या रिकाम्या राहिल्या.

कोणी म्हणेल, मोठो मासो ल्हान माशाक खातलोच. अरे, पण समुद्रातसुद्धा आपण ते मुकाट्याने मान्य केलं नाही! पारंपरिक मच्छीमार भांडले, म्हणून ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले. पाळले किती जातात हा वेगळा विषय, पण नियम तरी आहे.

ॲपच्या धंद्यात? सप्टेंबर २०२४ पासून २,००० कोटींवरचे सौदे, भारतात मोठा व्यवसाय असेल तर, स्पर्धा आयोगाकडे न्यावे लागतात. 'टॅक्सी फॉर शुअर'चा सौदा होता साधारण १,२५० कोटींचा. म्हणजे या नव्या जाळ्यातूनही तो निसटलाच असता. २०२३ च्या डेटा कायद्यात आपली माहिती उचलून दुसऱ्या ॲपवर न्यायचा हक्क नाही. २०१९ च्या मसुद्यात तो होता, नंतर काढून टाकला.

छोट्या कंपनीने विकू नये असं मी म्हणत नाही. पोरांनी मेहनत केली, पैसे मिळू देत. पण विकत घेणाऱ्यावर तीन अटी हव्यात. बंद करण्याआधी सहा महिने सूचना. आपली माहिती आपल्या हातात. आणि जुने अभिप्राय नव्या ॲपवर जसेच्या तसे.

आणि रेल्वेने गाड्यांची ताजी माहिती कोणालाही वापरता येईल अशी खुली करावी. मग एक ॲप गेलं तर चार पोरं दुसरं बनवतील.

खासदार-आमदार मतं मागायला येतील तेव्हा रस्त्यांबरोबर हेही विचारा. तुमचं कुठलं ॲप असं गेलं, ते खाली लिहा.