रिपोर्टमध्ये रक्त ‘पातळ’, धोका मात्र गुठळीचा

हृदयाची झडप बदलण्यापूर्वी ‘एपीटीटी’ तपासतात. नळीतल्या रक्ताला गोठायला जास्त वेळ लागला, की रुग्णाला रक्तस्रावाची भीती आहे असा अर्थ लावला जातो. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये खरा धोका याच्या नेमका उलट असतो.

लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये वर्णन केलेला हा आजार. कधी ल्युपससोबत, कधी एकटाच येणारा. यात प्रतिकारशक्ती चुकीची प्रतिपिंडे तयार करते. ती चाचणीतल्या रसायनात अडथळा आणतात, म्हणून रिपोर्ट लांबतो. शरीरात मात्र तीच पायाच्या शिरेत, मेंदूत गुठळ्या करतात, गर्भपात घडवतात, हृदयाची डावीकडची मायट्रल झडपही खराब करतात. अशा वेळी रिपोर्ट ‘सुधारण्यासाठी’ प्लाझ्मा चढवणे म्हणजे आगीत तेल.

खरी कसोटी ऑपरेशनच्या टेबलावर. हार्ट-लंग मशीनच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात आणि ‘एसीटी’ साधारण ४८० सेकंदांवर गेला की मशीन सुरू करतात. या रुग्णांत हा आकडा हेपॅरिन अपुरे असतानाही तिथे पोहोचू शकतो. आकड्यावर विसंबले तर मशीनमध्येच गुठळी! म्हणून रक्तातले हेपॅरिनच मोजावे लागते, ‘अँटी टेन-ए’ चाचणीने किंवा प्रोटामिनच्या साहाय्याने. ही सोय नसेल तर काही ठिकाणी एसीटीचे लक्ष्य बरेच वर ठेवतात. तो अंदाजच. ऑपरेशनसाठी वॉरफरिन थांबवल्यानंतरचे दिवसही नाजूक. ती पोकळी हेपॅरिनने भरावी लागते. गोळी नवी असली म्हणजे चांगलीच असे नाही : जास्त धोक्याच्या रुग्णांत रिव्हरॉक्सॅबॅन आणि वॉरफरिन यांची तुलना करणारी इटलीतील चाचणी रिव्हरॉक्सॅबॅन गटात गुठळ्या वाढल्याने मुदतीआधीच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. हृदयशस्त्रक्रियेचा खर्च पूर्वीइतका आडवा येत नाही. आडवी येते ती प्रयोगशाळा. अँटी टेन-ए रात्री-अपरात्री सगळीकडे होत नाही. पण पहिली शंका दूर करायला महागडे यंत्र लागत नाही. रुग्णाच्या प्लाझ्मात तितकाच निरोगी प्लाझ्मा मिसळून चाचणी पुन्हा करायची. घटकाची कमतरता असेल तर वेळ पूर्ववत होतो, प्रतिपिंडे असतील तर बहुधा होत नाही. एवढे ऑपरेशनची तारीख देण्याआधी जिल्हा पातळीवरही करता येईल. आणि जुन्या फाइलमधला पायाच्या गुठळीचा किंवा वारंवार गर्भपाताचा कागद नातेवाइकांनी भूलतज्ज्ञांसमोर ठेवायलाच हवा. तो बहुतेक वेळा घरीच राहतो.