कुणाची दारू वारसा, कुणाची गुन्हा?

१/ स्कॉटलंडच्या हायलँड्समधील ब्रोरा ही भट्टी १९८३ मध्ये बंद पडली आणि २०२१ मध्ये पुन्हा पेटली. मधल्या काळात तिची जुनी सिंगल माल्ट लिलावात लाखो रुपयांना जाऊ लागली. जगाने तिला वारसा म्हटले. यवतमाळच्या झरी-जामणीत मोहाची भट्टी सापडली, तर तिची नोंद पोलीस ठाण्यात होते.

२/ हा भेद चवीचा नव्हे, कायद्याचा आहे. हायलँड्समधील शेतकरीही चोरून दारू गाळत. १८२३च्या अबकारी कायद्याने परवाना स्वस्त केला आणि कालचे काही गुन्हेगार कारखानदार झाले. ब्रोराची भट्टी १८१९ची. मेंढ्यांसाठी हजारो कुळांना हुसकावणाऱ्या जमीनदारीनेच ती उभारली.

३/ आपल्याकडे उलटे घडले. मुंबई इलाख्यात १८७८च्या अबकारी कायद्याने गाळपावर सरकारी पकड बसली. १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यात थेट मोहफुलांवर बंधने आली. वऱ्हाडातही दारूविक्रीचे मक्ते लिलावात निघत. गोंडांच्या देवकार्यात लागणारी दारू त्यांनी स्वतः गाळणे गुन्हा ठरले. मक्तेदाराकडून विकत घेणे मात्र नव्हे. प्रश्न नीतीचा नव्हता, महसुलाचा होता.

४/ दारूने संसार मोडतात. दारूबंदी मागणाऱ्या यवतमाळच्या स्त्रियांचे दुःख खरे आहे. पण संसार परवान्याच्या बाटलीनेही मोडतो. म्हणून ‘हातभट्टी’ हा शब्द शिवीसारखा उच्चारण्यापूर्वी एवढेच विचारावे : परवाना कोणाला मिळाला, आणि कोणाला मिळूच दिला नाही?