कागदावरचे रुग्ण

ऑगस्ट 2023 मध्ये संसदेत मांडलेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या (कॅग) अहवालात आयुष्मान भारत या आरोग्य विमा योजनेविषयी एक नोंद होती: सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांच्या नावांपुढे एकच मोबाइल क्रमांक, दहाही आकडे नऊ. ओळख पटवायला मोबाइल लागतच नाही, असा सरकारचा खुलासा. तो मान्य केला तरी नोंदीत मृत दाखवल्यावरही उपचार घेत राहिलेले रुग्ण त्याच अहवालात आहेत, त्यांचे काय? खोट्या बिलांत जिरलेला पैसा खऱ्या आजाऱ्याच्या तोंडचा घास असतो, म्हणून या अंकाचा विषय ही फसवणूक पकडण्याचे काम.

ही योजना चालवणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणात फसवणूकविरोधी विभाग आहे. अशा कामातला डॉक्टर फायली चाळतो: एकच एक्स-रे दोन नावांवर लागलाय का? दहा खाटांच्या रुग्णालयात एका रात्री पंचवीस जण दाखल कसे? शस्त्रक्रियेची नोंद आहे, मग पोटावर व्रण कुठे? पुढे रुग्णाच्या घरी जाऊन विचारपूस.

फसवणूक सापडल्यावर रुग्णालय योजनेतून वगळणे त्यामानाने सोपे. फौजदारी खटला टिकवणे अवघड, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो, नुसती चूक दाखवून भागत नाही. त्यासाठी केसपेपर वाचता येणारा वकील हवा, आणि विधी महाविद्यालयांनी ते शिकवायला हवे, असे आम्ही आग्रहाने म्हणतो.

या कामाकडे वळू पाहणारे वकील, लेखापरीक्षक आणि परिचारिका यांच्यासाठी हा अंक आहे. होय, परिचारिकाही. वॉर्डात वर्षे काढलेल्या नजरेला केसपेपरमधली खोट चटकन दिसते.