चवीपलीकडचा शेजार

मुंबईत खवय्यांची चंगळ असते. माटुंग्यात १९४२ पासून रामा नायक यांच्या उडुपी बोर्डिंगात केळीच्या पानावर जेवण वाढले जाते, धोबीतलावच्या कयानीत १९०४ पासून ब्रुन मस्का मिळतो आणि सप्टेंबरात मोतमाउलीच्या जत्रेला सर्वधर्मीयांची रीघ लागते. परंतु या चवीमागची माणसे आपल्याला ठाऊक असतात काय? जनगणनेनुसार २००१ मध्ये देशात ६९,६०१ पारशी होते. २०११ मध्ये ५७,२६४ उरले. इराण्याचे हॉटेल बंद पडले की हळहळणाऱ्यांना, ते चालू असताना गल्ल्यावरच्या वृद्ध मालकाशी दोन शब्द बोलण्याची सवड नसते. मुलांना तेथे अवश्य न्यावे. मात्र ही माणसे कोठून आली आणि येथलीच कशी झाली, हेही त्यांना सांगावे. शेजारधर्म तेथूनच सुरू होतो.