चकाकत्या पत्र्यामागचे हात

जुन्या मोटारींचे संचलन निघाले की वर्तमानपत्रांची पाने रंगतात. मालकाचे नाव, मोटारीचे वर्ष, ती कोणत्या संस्थानिकाच्या पदरी होती, तिच्यावर किती खर्च झाला, हे सारे छापून येते. दिल्लीत अशा मोटारींची रॅली १९६४ साली सुरू झाली. मुंबईतही हौशी मंडळींचे मेळे भरतात. बक्षीस मालकाला मिळते, छायाचित्र मालकाचे निघते. परंतु ज्याने सडलेला पत्रा कापून काढला, नवा घडवून बसवला आणि त्यावर आरशासारखा रंग चढवला, त्या डेंटरचे आणि पेंटरचे नाव आम्हाला या बातम्यांत शोधूनही सापडत नाही. राबणाऱ्याला वगळून वस्तूचे कौतुक करायची ही सवय या देशात फार जुनी आहे.

या मंडळींत अलवारच्या महाराजांची एक गोष्ट मोठ्या चवीने सांगितली जाते. लंडनच्या दुकानात अपमान झाला म्हणून महाराजांनी रोल्स-रॉइस मोटारी विकत घेतल्या आणि त्यांना झाडू बांधून शहराचा कचरा उचलायला लावले, अशी ती गोष्ट. हीच गोष्ट आणखी काही संस्थानिकांच्या नावावरही खपवली जाते आणि तिला विश्वासार्ह पुरावा नाही. तरी ऐकणारे हसतात, महाराजांच्या बाणेदारपणाला दाद देतात. आमचा प्रश्न असा, की यात हसण्यासारखे काय आहे? कचरा उचलणे हे हलके काम आणि ते करणारा माणूसही हलका, हे ऐकणाऱ्याने मनात आधीच मान्य केलेले असते. तेव्हाच त्याला मोटारीचा अपमान झाल्यासारखे वाटते. गोष्टीत महाराज आहेत, गोरा दुकानदार आहे, मोटार आहे. झाडू धरणारा माणूस मात्र कुठेच नाही. मोटारीच्या इभ्रतीची काळजी वाहणाऱ्यांना त्याच्या इभ्रतीची आठवणही होत नाही. जुन्या मोटारींच्या दुनियेत कारागिराला जागा का नाही, याचे उत्तर याच गोष्टीत आहे.

हे काम असते तरी काय, ते आधी पाहू. उदाहरण म्हणून आमच्या वाचकांच्या ओळखीची प्रीमियर पद्मिनी घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून निघू लागली आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात तिने मुंबईच्या कित्येक पिढ्यांना वाहून नेले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून तिचे आयुष्य संपले. गरिबाचे पोट भरणारी गाडी आता हौशी लोकांची ‘क्लासिक’ झाली आहे.

या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यामुळे दाराखालचा उंबरा आणि पायाखालचा पत्रा सडला, की गाडीचा कणा सडला असे समजावे. मुंबईची हवा खारी, पावसाळा चार महिन्यांचा. दाराच्या तळाशी पाणी वाहून जायला बारीक भोके असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साचते आणि गंज पत्र्याला आतून खात जातो. बाहेरच्या रंगावर लहानसा फोड दिसतो, तोवर आत चाळण झालेली असते.

अशा वेळी सोपा इलाज म्हणजे फोड घासायचा, पुट्टी भरायची आणि वरून रंग मारायचा. गाडी विकून मोकळ्या होणाऱ्याला तो परवडतो. खाली गंज तसाच राहतो आणि काही दिवसांनी पुन्हा वर येतो. जाणता डेंटर तसे करत नाही. तो आधी चुंबक घेऊन पत्र्यावरून फिरवतो, कारण जाड पुट्टीवर चुंबक धरत नाही. मग रंग उतरवून धड पत्रा लागेपर्यंत कापत जातो. तितक्याच जाडीचा नवा पत्रा हातोडी आणि डॉलीमध्ये ठोकून त्याला मूळची गोलाई देतो. वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा वाकतो, म्हणून सलग जोड देता येत नाही. एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचे. ताणलेला पत्रा तापवून, ठोकून पुन्हा आकसून घ्यायचा. राहिलेला उंचसखलपणा डोळ्यांना दिसत नाही, तो तळहाताला कळतो. पुट्टी येते ती शेवटी, आणि तीही अगदी पातळ.

यात धातूचे ज्ञान आहे, भूमिती आहे, वर्षानुवर्षांचा सराव आहे. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कित्येक मोटारींत तर पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो. तिथे डेंटरच्या जोडीला सुतारही तितकाच तयारीचा लागतो. पण हे ज्ञान पुस्तकात नसून हातात आहे, म्हणून त्याला ज्ञान म्हणायला हा समाज तयार नाही. जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांची उतरंड आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. डोक्याने काम करणारा वर आणि हाताने काम करणारा खाली, ही उतरंड गॅरेजच्या दारातही थांबत नाही.

नावापेक्षाही मोठा प्रश्न जिवाचा आहे. जुन्या गाड्यांच्या सांध्यांत शिसे भरलेले असते. ते घासले की त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाते. गंज उडवण्यासाठी वाळूचा मारा करतात, त्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि फुप्फुस कायमचे निकामी होते. ब्रिटनने अशा कामात वाळू वापरायला १९४९ च्या नियमांनीच मनाई केली. आजच्या चकचकीत रंगांत मिसळायच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे रसायन असते आणि त्यामुळे दमा जडतो. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. आमच्याकडे तोंडाला रुमाल बांधून फवारा मारला जातो. लाखो रुपयांच्या गाडीला धूळ लागू नये म्हणून आच्छादन घालतात, रंगवणाऱ्याच्या छातीला मात्र आच्छादन नाही.

कायदा काय करतो? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. पुढे १९४८ चा कारखाने कायदा आला. यंत्रशक्ती वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की तो लागू होत असे. चार-पाच माणसांचे गॅरेज तेव्हाही त्याबाहेरच राहिले. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने ही मर्यादा वीस कामगारांवर नेली आहे. म्हणजे संरक्षणाचे कुंपण रुंद होण्याऐवजी आणखी आक्रसले.

दुसरीकडे सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने पीएम विश्वकर्मा योजना आणली. तिच्यात अठरा व्यवसाय आहेत, आणि ते कुटुंबात चालत आलेले पारंपरिक व्यवसाय असावेत अशी कल्पना आहे. चांभार, धोबी, न्हावी, लोहार यांना अवजारे आणि कर्ज मिळावे याला आमचा विरोध नाही. परंतु बापाचा धंदा मुलाने करावा हेच जर कौशल्याचे माप ठरणार असेल, तर ते आम्हाला मान्य नाही. शहरात येऊन, जातीचा धंदा सोडून, स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या डेंटरला त्या यादीत जागा नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

कोणी म्हणेल, मालक पैसे मोजतो, त्याच्या हौसेमुळेच ही कला टिकली, आणखी काय हवे? हौसेचे श्रेय आम्ही नाकारत नाही. पण चित्रपटाच्या शेवटी प्रकाशयोजना करणाऱ्यापासून कपडे शिवणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावे येतात, मग मोटारीच्या फलकावर का नकोत? जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्युरिन सनदही सांगते, की दुरुस्तीत केलेल्या प्रत्येक बदलाची पद्धतशीर नोंद ठेवावी. भारतात २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील मोटारींची वेगळी नोंदणी होते, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आहे. त्या कागदपत्रांत काम कोणी केले याची एक ओळ घालायला सरकारला दमडीही पडणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. स्पर्धेच्या फलकावर आणि नोंदणीच्या कागदावर कारागिरांची नावे यावीत. गॅरेज लहान असो वा मोठे, वाळूचा मारा बंद व्हावा, मुखवटा आणि दरवर्षीची छातीची तपासणी सक्तीची व्हावी. हातात कला असलेल्यांना, शाळा सुटलेली असली तरी, परीक्षा घेऊन प्रमाणपत्र मिळावे.

आणि आमच्या तरुणांनाही दोन शब्द. आयटीआयमध्ये ऑटो बॉडी रिपेअर आणि पेंटिंगचे अभ्यासक्रम आहेत, महात्मा फुले महामंडळाच्या कर्जयोजना आहेत. हा धंदा कोणाच्या जन्माला बांधलेला नाही. तो जरूर शिका, पण दुसऱ्याच्या गॅरेजात आयुष्यभर रुमाल बांधून राबण्यासाठी शिकू नका. संघटित व्हा, सहकारी संस्था काढा, दर स्वतः ठरवा. आणि काम पूर्ण झाले की पावतीवर मालकाच्या नावाशेजारी आपलेही नाव ठळक अक्षरांत लिहा.