डेस्कटॉप भाड्याने देणे आहे!

हॉस्टेलला आलं की माणूस काय काय भाड्याने घेतो? गादी, सायकल, उन्हाळ्यात कूलर. या यादीत आता एका नव्या वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे कॉम्प्युटर! आणि गंमत म्हणजे हा कॉम्प्युटर खोलीत आणायचाच नसतो. तो कुठेतरी लांब, एसीच्या गारव्यात बसलेला असतो. आपण दर महिन्याला पैसे भरायचे, आपल्या जुनाट लॅपटॉपवरून नाहीतर मोबाइलवरून लॉगिन करायचं, की त्याचा स्क्रीन आपल्यासमोर हजर. आत वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट सगळं मांडून ठेवलेलं. सेमिस्टर संपत आलं की आमच्या मजल्यावर हा प्रकार साथीसारखा पसरतो. सर्दीला निदान फी तरी नसते!

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे, त्यामुळे ‘दूरस्थ संगणक’ वगैरे शब्द मला पेलणार नाहीत. आपण बोलतो तसंच लिहिते, संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. आणि माझं मत आधीच सांगून टाकते. भाड्याचा डेस्कटॉप ही वाईट गोष्ट नाही. पण ज्या कामासाठी आपण तो घेतोय, त्या कामाचं भाडं विद्यार्थ्याच्या खिशातून जाऊ नये. ते काम करणारी मशिन्स आपल्याच कॅम्पसमध्ये आहेत आणि रात्री कुलूपबंद आहेत.

आता हे चालतं कसं ते आधी बघू. (सीनिअर्सनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.) आपण इकडे ‘क’ दाबतो. ती की नेटवरून त्या लांबच्या मशीनकडे जाते. तिथलं वर्ड ‘क’ उमटवतं, आणि स्क्रीनचा जेवढा भाग बदलला तेवढ्याचंच चित्र आकसून परत आपल्याकडे येतं. म्हणजे वर्ड आपल्या लॅपटॉपवर चालतच नाही, आपण फक्त त्याचा चालता फोटो बघतो. ही कल्पना काही आजची नाही. एमआयटीमध्ये १९६१ मध्येच एक मोठा कॉम्प्युटर अनेकांनी वाटून वापरायचा प्रयोग दाखवला गेला होता. विंडोजच्या दुनियेत सिट्रिक्सचं विनफ्रेम १९९५ मध्ये आलं आणि १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली. पुढे अॅमेझॉनने २०१४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२१ मध्ये विंडोज ३६५ या नावाने, आणि २०२५ मध्ये आपल्याकडे जिओनेही अख्खा डेस्कटॉप वर्गणीवर द्यायला सुरुवात केली.

मग लोक घेतात कशाला? उगाच नाही घेत. विंडोज १० चा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप लागते, ती बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नसते. माझ्या रूममेटकडे दादाचा वापरून झालेला लॅपटॉप आहे. त्यावर एक्सेल उघडायचं म्हणजे आधी चहा करून यायचा. नवा घ्या म्हणणं सोपं आहे, पण घरून आलेल्या पैशांतून फी, मेस आणि एसटीचं भाडं वजा करून बघा. अशा मुलीला भाड्याचा डेस्कटॉप म्हणजे देवच वाटतो. शिवाय एक फायदा मला मनापासून मान्य आहे. लाइट गेली, वाय-फाय झोपलं, तरी तिकडचं मशीन चालूच असतं. पुन्हा लॉगिन केलं की कर्सर जिथे सोडला होता तिथेच लुकलुकत असतो. आमच्या हॉस्टेलची लाइट बघता हा फायदा किरकोळ नव्हे!

पण नाण्याची दुसरी बाजूही बघायला हवी.

पहिली गोष्ट अंतराची. आपण इंजिनिअर आहोत, तर गणितच करू. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. जाऊन-येऊन ७,८००. म्हणजे ३९ मिलिसेकंद नुसत्या प्रवासातच गेले, तेही केबल एकदम सरळ आहे असं धरून. सर्व्हर न्यूयॉर्कजवळ असेल तर हाच आकडा १२५ च्या पुढे जातो. त्यात वाटेतले राउटर आणि हॉस्टेलचं वाय-फाय मिळवा. मग आपण वाक्य टाइप करून थांबतो आणि अक्षरं मागून वरातीसारखी नाचत येतात. कोणतीही सेवा घेण्याआधी मशीन कुठे आहे हे विचारा. मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटर्स २०१५ पासून पुणे, मुंबई आणि चेन्नईत आहेत, अॅमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून आहे. जवळचं मिळत असताना लांबचं घेण्यात काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट घरमालकाची. भाड्याच्या घरात खिळा ठोकायला विचारावं लागतं, इथेही तसंच. बऱ्याच ठिकाणी आपल्याला अॅडमिनचे हक्क नसतात. आपल्या याच मराठी विभागाचं उदाहरण घ्या. जुने अंक श्रीलिपीच्या फाँटमध्ये आहेत. तो फाँट तिकडच्या मशीनवर नसेल आणि टाकूही देत नसतील, तर ‘संपादकीय’ उघडल्यावर नुसतं टिंब-टिंब आणि उलटसुलट इंग्रजी चिन्हं दिसतात. आणि भाडं थकलं की? मुदत संपली, थोडे दिवस सवलतीचे गेले, की डेस्कटॉप पुसला जातो आणि त्याच्यावर ठेवलेला रिपोर्टही. आमच्याच विंगमध्ये एकीचं सबमिशनच्या आठवड्यात असं झालं. पैसे भरायला दोन दिवस उशीर झाला आणि तिचं खातं बंद झालं. फाइल परत मिळाली, पण तोवर तिचं अर्धं रक्त आटलं होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर आहे, म्हणून जरा थांबून वाचा. मेसेजच्या ग्रुपवर ‘आरडीपी स्वस्तात मिळेल, ऑफिससकट’ अशा जाहिराती फिरतात. कंपनीचं नाव नाही, बिल नाही, नुसता एक आयडी आणि पासवर्ड. ही मशिन्स येतात कुठून? कॅस्परस्की कंपनीने जून २०१६ मध्ये ‘एक्सडेडिक’ नावाचा एक चोरबाजार उघडकीला आणला. तिथे १७३ देशांतल्या ७० हजारांहून जास्त हॅक केलेल्या सर्व्हरचं लॉगिन विकायला होतं, अगदी ६ डॉलरपासून. म्हणजे कोणाच्या तरी ऑफिसचा, दवाखान्याचा सर्व्हर, आणि त्या बिचाऱ्याला पत्ताच नाही! जानेवारी २०१९ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या पोलिसांनी तो बाजार बंद केला. पण असा बाजार एक बंद झाला म्हणून सगळे बंद होत नसतात. अशा मशीनवर बसून आपण कॉलेजच्या मेलचा पासवर्ड टाकतो, आधार कार्डची पीडीएफ उघडतो. मशीनची किल्ली ज्याच्या हातात, त्याला हे सगळं दिसू शकतं. मशीन चोरीचं निघालं तर आपण चोरीचा माल वापरत होतो, हे वेगळंच. दीडशे रुपये वाचवायला एवढा धोका? नको रे बाबा!

बरं, नावाजलेली कंपनी घेतली तर सगळं निर्धास्त का? तर तेही नाही. ऑनलाइव्ह नावाच्या अमेरिकन कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये आयपॅडवर विंडोज ७ आणि ऑफिस दाखवायची सेवा काढली. साधी फुकट आणि ‘प्लस’ महिन्याला ४.९९ डॉलर. लोक खूश! पण विंडोज ७ असं भाड्याने द्यायचा परवानाच मायक्रोसॉफ्टच्या नियमांत बसत नव्हता. मार्च २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे जाहीरपणे सांगितलं आणि मग ऑनलाइव्हने गुपचूप विंडोज सर्व्हर बसवला. एप्रिल २०१५ मध्ये तर कंपनीच बंद झाली आणि तिची पेटंट्स सोनीने घेतली. यातून मी दोन धडे घेते. स्वस्त दिसलं की परवाना कोणाचा ते विचारा, आणि दुसऱ्याच्या मशीनवर आपली एकुलती एक कॉपी कधीही ठेवू नका.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपल्याला ऑफिस लागतं कशाला? रिपोर्ट लिहायला, तक्ते करायला, सेमिनारच्या स्लाइड्सना. यातल्या बहुतेक कामाला भाडं भरायची गरजच नाही. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटची ब्राउझरमधली आवृत्ती साध्या अकाउंटवर फुकट मिळते. लिबरऑफिस फुकट आहे, जुन्या मशीनवर बऱ्यापैकी चालतं आणि त्याच्या कॅल्कमध्ये सॉल्व्हरसुद्धा आहे. मग अडतं कुठे? अडतं ते आपल्याच कॉलेजच्या नियमावर. डिपार्टमेंटची शीट मॅक्रोची आहे आणि ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये ते मॅक्रो चालत नाहीत. रिपोर्ट ठरलेल्या टेम्प्लेटमध्येच हवा, लिबरऑफिसमधून दिला की समास सरकतो आणि सर फाइल परत देतात. म्हणजे सॉफ्टवेअर सक्तीचं, आणि ते चालवायची सोय मात्र ज्याची त्याने करायची!

आणि सोय आहे कुठे? तर लॅबमध्ये. साठ मशिन्स, प्रत्येकावर ऑफिस. संध्याकाळी सहाला लॅब बंद. मुलांच्या हॉस्टेलवर निदान मित्राच्या खोलीत जाऊन रात्री दोनला काम करता येतं. मुलींच्या हॉस्टेलची हजेरी साडेआठला, त्यानंतर गेट बंद. म्हणजे ज्या वेळेत सबमिशनचं खरं काम होतं, त्याच वेळेत साठ कॉम्प्युटर अंधारात बसलेले आणि आम्ही पैसे भरून दुसऱ्या शहरातला कॉम्प्युटर वापरतोय. याला काय म्हणावं?

माझी सूचना साधी आहे. त्यातली दहा मशिन्स रात्री चालू ठेवा आणि रिमोटने हॉस्टेलला उघडा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत रिमोट डेस्कटॉप आतच असतो, एका वेळी एका मशीनवर एक जण. हॉस्टेल आणि लॅब एकाच कॅम्पस नेटवर्कवर आहेत, त्यामुळे अंतराचा प्रश्नच नाही. खर्च? एक मशीन १०० वॅट धरलं, तर दहा मशिन्सचे दहा तासांचे १० युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी एका रात्रीचे १०० रुपये. म्हणजे मशीनमागे १० रुपये, चहा-बिस्किटाइतकेच!

यावर काय काय आक्षेप येतील ते मला माहीत आहे. ‘हॅकिंग होईल.’ रास्त आहे. म्हणून ही मशिन्स बाहेरच्या इंटरनेटला उघडायचीच नाहीत, फक्त कॅम्पसच्या आत. पासवर्ड प्रत्येकाचा वेगळा आणि कोण कधी बसलं याची नोंद. ‘पोरं गेम खेळतील.’ रिमोटवर गेम खेळून बघा, दोन मिनिटांत कंटाळा येतो. ‘परवान्यात बसतं का?’ हा सगळ्यात बरोबर आक्षेप. कॉलेजचा करार काढून वाचावा, बसत नसेल तर त्यात बसवून घ्यावं. ऑनलाइव्हसारखा जुगाड आपल्याला नको. आणि तोवर दोन-तीन मशीनवर लिनक्स आणि लिबरऑफिस टाकून सुरुवात करता येते, त्याला परवान्याचे पैसे लागत नाहीत. फक्त टेम्प्लेटचा हट्ट थोडा सैल करावा लागेल. समास अर्धा सेंटिमीटर सरकला म्हणून पूल पडत नाही!

हे होईपर्यंत ज्यांना भाड्याने घ्यायचंच आहे त्यांनी घ्या, पण डोळे उघडे ठेवून. बिल देणाऱ्या कंपनीकडूनच घ्या. मशीन भारतातलं बघा. वर्षाचं नको, एका महिन्याचं घ्या. मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहा. आणि रोज रात्री फाइल स्वतःच्या पेनड्राइव्हवर नाहीतर ड्राइव्हवर उतरवून घ्या. तीन-चार जणींनी मिळून एकच लॉगिन वापरायचा बेत मात्र करू नका. नियमात बसत नाही, आणि एकीने चुकून दुसरीचा रिपोर्ट बदलला तर मैत्रीही जाते.

कॉलेज आपल्याला शिकवतं की रिसोर्स वाटून वापरावेत. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरला त्यावर दहा मार्कांचा प्रश्नही येतो. आम्ही उत्तर लिहितो, मार्क मिळतात, आणि खोलीवर येऊन भाडं भरतो. हे उत्तर एकदा लॅबमध्येही उतरू द्या. सर, पहिल्या महिन्यात रात्रीची नोंदवही ठेवायला, कोण लॉगआउट करायला विसरलं ते बघायला, फर्स्ट इयरला शिकवायला आमच्या विंगमधल्या सहा जणी तयार आहेत. नावं रेक्टर मॅडमकडे लिहून दिली आहेत. आता फक्त तुमची सही हवी.