आश्वासन मराठीत, कबुली इंग्रजीत

गुरुवारी आपल्या अंकाच्या घडीतून एक गुळगुळीत पत्रक पडले. ‘विसरभोळेपणाला पूर्णविराम! अल्झायमरची वाढ रोखा!’ साठ कॅप्सूल, २,४०० रुपये. गेल्या वर्षी आईसाठी अशाच तीन डब्यांवर मी सात हजार घालवले, म्हणून हे पत्र. रिकामा डबा जपून ठेवला आहे. मागे, भिंग लावल्यावर दिसेल अशा इंग्रजीत लिहिले आहे : औषधी वापरासाठी नाही. २०१६ च्या नियमांनी हे वाक्य सक्तीचे आहे, पण लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असले की भागते. म्हणजे आश्वासन मराठीत आणि कबुली इंग्रजीत!

डब्यातला मुख्य घटक जिंको बायलोबा. त्यावरच्या अमेरिकेतल्या एका चाचणीचा निकाल २००८ मध्येच आला आहे. ७५ वर्षे व त्यापुढचे ३,०६९ जण, सुमारे सहा वर्षे. निम्म्यांना रोज दोनदा १२० मिलिग्रॅम जिंको, निम्म्यांना नकली गोळी. स्मृतिभ्रंश झाला जिंकोवाल्या २७७ जणांना, नकली गोळीवाल्या २४६ जणांना. फरक योगायोगाचा म्हणा. पण फायदा कुठे आहे? २७७ आणि २४६ हे आकडे पत्रकावर ठळक छापा, मग खुशाल विका.

‘झाडपाल्याने काय अपाय होणार?’ असे दुकानदार म्हणतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जिंकोने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. शिवाय वेळ जातो तो वेगळाच. नाशिकच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत आईचे बी-१२ आणि थायरॉइड तपासले, कारण त्यांतल्या बिघाडानेही विसर पडतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. आईचा विसर त्यातला निघाला नाही. पण दुसऱ्या कुणाचा असेल आणि तो घरात बसून कॅप्सूल गिळत असेल, त्याचे काय?

आमच्या तालुक्याच्या डोंगरात आदिवासी बाळहिरडा हे औषधी फळ गोळा करतात. त्याला धड भाव मिळावा म्हणून त्यांना मोर्चे काढावे लागतात. आणि जिंको या चीनच्या झाडाच्या पानाला गोळीमागे चाळीस रुपये आम्ही मुकाट मोजतो!

इशारा मराठीत आणि जाहिरातीइतक्याच मोठ्या अक्षरांत हवा, एवढीच मागणी आहे. आणि ‘पत्रके पेपर-विक्रेता घालतो’ हे उत्तर, संपादक महाशय, आपल्याकडून नको. घडी आपल्याच अंकाची होती.

– एक निवृत्त शिक्षिका, अकोले (जि. अहिल्यानगर)